आयफेल मनोरा : वीस वर्षांच्या मुदतीची इमारत

इमारती बहुधा कायमच्या म्हणून बांधल्या जातात आणि त्यांची मुदत पुढें काळ ठरवितो. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याची मुदत आधींच ठरलेली होती. ती कागदावर लिहिलेली होती आणि तिच्याखालीं सह्या होत्या. ८ जानेवारी १८८७ रोजीं गुस्ताव्ह आयफेलनें फ्रेंच सरकार व पॅरिसची नगरपालिका यांच्याशीं करार केला. त्या करारान्वयें मनोऱ्याचें उत्पन्न प्रदर्शनाच्या काळांत, व त्यापुढें १ जानेवारी १८९० पासून वीस वर्षें, आयफेलनें घ्यावयाचें होतें. मुदत संपली कीं मनोरा नगरपालिकेच्या हवालीं व्हावयाचा, आणि तिला वाटेल तर तिनें तो उतरवून जागा मोकळी करावयाची. ती मुदत संपून आज शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं आहेत, आणि मनोरा जागच्या जागीं उभा आहे. तो कसा उभारला, ही हकीकत पुष्कळांना थोडीबहुत ठाऊक असते. तो उभा कसा राहिला, ही हकीकत अधिक लांब आहे आणि तिच्यांत लोखंडापेक्षां रंगाच्या डब्यांचा व बिनतारी यंत्रांचा संबंध जास्त येतो.

१८८९ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीस शंभर वर्षें पुरीं होत होतीं. त्या निमित्तानें पॅरिसमध्यें जागतिक प्रदर्शन भरवावयाचें ठरलें होतें. सेन नदीच्या कांठीं शाँ द मार्स नांवाच्या मैदानावर १२५ मीटर चौरस पायाचा व ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारतां येईल काय, याचा विचार करण्यास १८८६ च्या मे महिन्यांत स्पर्धकांस सांगण्यांत आलें आणि १०७ योजना आल्या. ३०० मीटर म्हणजे हजार फुटांस थोडी कमी अशी उंची. त्या काळीं जगांतील सर्वांत उंच मानवनिर्मित वास्तु अमेरिकेंतील वॉशिंग्टन स्मारक ही होती आणि तिची उंची १६९ मीटर होती. यावरून मागणी केवढी धाडसाची होती याची कल्पना श्रोत्यांस येईल.

मनोऱ्यास नांव आयफेलचें मिळालें, तरी मूळ कल्पना त्याची नव्हे. त्याच्या कचेरींतील मॉरिस केक्लँ व एमिल नूगिए या दोघां इंजिनिअरांनीं १८८४ च्या जूनमध्यें पहिला आराखडा काढला. आयफेलला प्रथम त्यांत फारशी गोडी वाटली नाहीं. स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुशिल्पज्ञानें पायथ्याच्या भव्य कमानी घालून त्या रुक्ष आकृतीस रूप आणलें, तेव्हां कोठें त्याचें मन वळलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आयफेल, नूगिए व केक्लँ या तिघांच्या नांवें पेटंट घेण्यांत आलें आणि पुढें आयफेलनें सहकाऱ्यांचे हक्क विकत घेतले. यांत दोघां इंजिनिअरांवर अन्याय झाला असें म्हणावयाचा मोह होतो. परंतु पत आणि जोखीम आयफेलची होती, हेंही विसरून चालणार नाहीं. मनोऱ्यास सुमारें ७८ लक्ष फ्रँक खर्च आला. त्यांतले सरकारनें दिले ते अवघे १५ लक्ष. बाकीची रक्कम आयफेलनें उभी केली आणि ती वसूल करण्यास त्याच्यापाशीं तिकिटांच्या उत्पन्नाखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

जानेवारी १८८७ च्या अखेरीस पायाचें खोदकाम सुरू झालें. नदीच्या बाजूचे दोन पाये खोदतांना पाणी लागलें. तेथें मोठ्या लोखंडी पेट्या जमिनींत उतरवून त्यांत दाबलेली हवा भरीत. हवेच्या दाबामुळें पाणी बाहेर राही आणि मजूर पेटीच्या तळाशीं उतरून कोरड्या जागेंत खोदीत. तिकडे शहराबाहेर लव्हाल्वा-पेरे येथील कारखान्यांत मनोऱ्याचे सुटे भाग तयार होत होते. एकंदर भाग १८,०३८ आणि त्यांच्यासाठीं काढलेल्या नकाशांची संख्या ५,३०० च्या घरांत. प्रत्येक भागांतील भोकांच्या जागा एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत हिशेब करून ठरविलेल्या असत. एखादा भाग जागेवर जुळला नाहीं, तर तो तेथेंच ठोकून-पिटून बसविण्याची मुभा नव्हती. तो कारखान्यांत परत जाई. त्यामुळें मैदानावर घडविण्याचें काम जवळजवळ नव्हतेंच, होतें तें जोडण्याचें.

ही जोडणी रिवेटांनीं होई. मनोऱ्यांत एकंदर २५ लक्ष रिवेट आहेत. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश कारखान्यांत बसविले गेले आणि उरलेले हवेंत लोंबकळत. एका रिवेटास चार माणसें लागत. एकानें तो भट्टींत लाल होईपर्यंत तापवावयाचा, दुसऱ्यानें तो भोकांत घालून धरावयाचा, तिसऱ्यानें त्याचें डोकें घडवावयाचें आणि चवथ्यानें घणाचे घाव घालावयाचे. रिवेट थंड झाला कीं आकसतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळून धरतो. मनोऱ्याचें ७,३०० टन लोखंड या आवळण्यावर एकत्र राहिलें आहे. हें लोखंड पोलाद नव्हे, लॉरेन प्रांतांतील भट्ट्यांतून आलेलें घडीव लोखंड होय.

परंतु बांधकामाचा खरा कसोटीचा क्षण पहिल्या मजल्यापाशीं आला. मनोऱ्याचे चार पाय जमिनींतून तिरपे निघतात, आणि ५७ मीटरांवर आडव्या तुळयांनीं ते एकमेकांस बांधले जाईपर्यंत त्यांतला प्रत्येक पाय एकटा, आंतल्या बाजूस कललेला उभा असतो. त्यांना आधार म्हणून लाकडाच्या परांच्या उभारल्या होत्या. आतां अडचण अशी कीं, चार निरनिराळ्या जागांहून निघालेले चार पाय एवढ्या उंचीवर गेल्यानंतर तुळयांचीं भोकें त्यांच्या भोकांशीं तंतोतंत जुळावयास हवींत. खालीं केंसाएवढी चूक झाली तर वर तिचें बोट होतें. आयफेलनें याची तजवीज आधींच करून ठेविली होती. प्रत्येक पायाच्या बुडाशीं पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक बसविलेले होते, म्हणजे पाय किंचित् उचलतां येई. आणि परांचीवर जेथें पाय टेकत, तेथें वाळूनें भरलेलीं नळकांडीं होतीं, त्यांतली वाळू हळूहळू सोडली कीं पाय किंचित् खालीं येई. शेंकडों टनांच्या लोखंडास वाळूच्या धारेनें हलवून जागीं आणावयाचें, ही युक्ति इतकी साधी आहे कीं तिच्यामागील हिशेबाची खोली चटकन् ध्यानांत येत नाहीं. डिसेंबर १८८७ मध्यें तुळया पायांशीं जुळल्या. तेथून पुढें मनोरा वर जाण्यास अडथळा असा राहिला नाहीं. लिफ्टसाठीं पायांत घातलेल्या रुळांवरून याऱ्याच मनोऱ्याबरोबर वर चढत गेल्या. मैदानावर एका वेळीं तीनशेंहून अधिक कामकरी कधीं नव्हते. उंची वाढली, थंडी वाढली, तेव्हां १८८८ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मजुरीसाठीं संप केला, हेंही नमूद केलें पाहिजे.

३१ मार्च १८८९ रोजीं आयफेल कांहीं पाहुण्यांसह माथ्यावर गेला आणि त्यानें तेथें तिरंगी फ्रेंच निशाण चढविलें. लिफ्ट तोंपर्यंत तयार नव्हत्या. १,७१० पायऱ्या पायींच चढाव्या लागल्या. बहुतेक पाहुणे वाटेंतच थांबले.

या दोन वर्षांत मनोऱ्यास शिव्याशापही पुष्कळ मिळाले होते. १४ फेब्रुवारी १८८७ च्या ‘ल ताँ’ या वृत्तपत्रांत कलावंतांचा एक निषेध प्रसिद्ध झाला. त्यावर कथाकार मोपासां, संगीतकार गुनो, ऑपेरागृहाचा शिल्पकार गार्निए, धाकटा अलेक्झांडर द्युमा अशीं मोठमोठीं नांवें होतीं. या लोखंडी सांगाड्यानें पॅरिसचें सौंदर्य बुडेल, असें त्यांचें म्हणणें. आयफेलचें उत्तर इंजिनिअरास साजेसें होतें : वाऱ्याच्या जोराचा हिशेब करून पायांस जें वळण दिलें आहे, तेंच त्याचें सौंदर्य. उभय पक्षांचा निकाल पुढील पिढ्यांनीं आयफेलच्या बाजूनें दिला, तरी निषेध करणारे केवळ आडमुठे होते असें मानणें बरोबर नाहीं. त्यांच्या डोळ्यांसमोर दगडी शहर होतें आणि त्यांतून एकाएकीं लोखंड उठत होतें. तरुणपणीं लंडनमध्यें शिकत असतां महात्मा गांधी हें प्रदर्शन पाहण्यास गेले होते. ते दोनतीनदां मनोऱ्यावर चढले, सात शिलिंग खर्चून त्यांनीं तेथें जेवणही केलें. आणि आत्मचरित्रांत मात्र या मनोऱ्यांत कला अशी कांहीं नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं नोंदविला.

प्रदर्शनाच्या वर्षीं सुमारें २० लक्ष लोक मनोऱ्यावर चढले. रात्रीं त्याची आकृति उठून दिसावी म्हणून दुधी काचेच्या गोळ्यांत १०,००० गॅसचे दिवे लावले होते. शिखरावर दीपगृहासारखा फिरता झोत होता आणि त्यांतून फ्रेंच निशाणाचे निळा, पांढरा व तांबडा हे तीन रंग शहरावर पडत. १९०० च्या प्रदर्शनांत गॅस जाऊन वीज आली. ५,००० विजेच्या दिव्यांनीं मनोऱ्याच्या कडा रेखाटल्या गेल्या. पण प्रेक्षक त्या वर्षीं दहा लक्षांच्याच आसपास आले. नवलाई ओसरली होती आणि कराराची मुदत नऊ-दहा वर्षांवर येऊन ठेपली होती.

आयफेलनें हें फार पूर्वीं ओळखलें होतें. शोभेची वस्तु मोडतां येते, उपयोगाची वस्तु मोडतांना माणूस दोनदां विचार करतो. त्यानें पहिल्याच वर्षीं शिखरावर हवामानाचीं यंत्रें बसविलीं. पुढें वस्तु वरून खालीं सोडून हवेच्या विरोधाचे प्रयोग केले, आणि १९०९ मध्यें मनोऱ्याच्या पायथ्याशीं वायुबोगदा उभारला. पण मनोऱ्यास खरें जीवदान मिळालें तें बिनतारी विद्येपासून. ५ नोव्हेंबर १८९८ रोजीं युजेन द्युक्रेते यानें शिखरावरून चार किलोमीटर दूर असलेल्या पाँथेऑनशीं बिनतारी संपर्क जोडला होता. कांहीं वर्षांनीं गुस्ताव्ह फेरिए हा सेनाधिकारी लष्करासाठीं असेच प्रयोग करूं लागला, तेव्हां आयफेलनें त्यास मनोरा देऊं केला आणि खर्चही पदरचा केला. तीनशें मीटरांचा तयार खांब दुसरीकडे कोठें मिळणार? लष्करास त्याची किंमत कळली आणि १ जानेवारी १९१० पासून आयफेलचा मक्ता आणखी सत्तर वर्षांनीं वाढविण्यांत आला. त्याच वर्षीं मनोऱ्यावरून बिनतारी वेळेच्या खुणा जाऊं लागल्या. १९१४ च्या महायुद्धांत शत्रूचे संदेश येथें पकडले गेले, आणि १९२२ पासून नभोवाणीचे नियमित कार्यक्रम येथून सुरू झाले. नभोवाणीच्या श्रोत्यांस यांत थोडा अभिमान वाटण्यास हरकत नाहीं : ज्या लहरींनीं भाषणें व गाणीं घरोघर पोंचविलीं, त्यांनींच हा मनोरा भंगारापासून वांचविला. २०२२ मध्यें नव्या प्रक्षेपण-खांबामुळें त्याची उंची सहा मीटरांनीं वाढून ३३० मीटर झाली, तीही नभोवाणीसाठींच.

दिव्यांच्या इतिहासांत १९२५ हें वर्ष सर्वांत चमकदार, आणि कांहींच्या मतें सर्वांत लाजिरवाणें. फर्नांदो याकोपोझी या दीपरचनाकारानें सहा रंगांचे अडीच लक्ष दिवे मनोऱ्यावर चढविले आणि त्यांतून तारे, ज्वाळा व नक्षी यांच्याबरोबर एका मोटार-कारखानदाराचें नांवही तळपूं लागलें : सित्रोएन. एकेक अक्षर ३० मीटर उंचीचें. राज्यक्रांतीचें स्मारक सुमारें दहा वर्षें मोटारींची जाहिरात करीत उभें राहिलें. त्याच १९२५ सालीं व्हिक्टर लुस्टिग नांवाच्या एका ठगानें सरकारी अधिकारी असल्याचें सोंग करून मनोरा भंगारवाल्यास विकला. हा किस्सा हंसण्यासाठीं सांगतात. पण ठगाची थाप खपली कां, हें पाहण्यासारखें आहे. मनोऱ्याच्या डागडुजीचा खर्च परवडत नाहीं, ही गोष्ट त्या वेळीं लोकांस सहज खरी वाटण्यासारखी होती.

१९४० मध्यें जर्मन सैन्य पॅरिसमध्यें शिरलें, तेव्हां लिफ्टचे तारदोर तोडून ठेवलेले होते आणि आपलें निशाण लावण्यास जर्मन शिपायांस पायऱ्या चढाव्या लागल्या. युद्धानंतर १९४६ च्या जूनमध्यें मनोरा पुन्हां लोकांस खुला झाला. पुढें जमिनीवरून झोत टाकून तो उजळीत असत. ३१ डिसेंबर १९८५ रोजीं पिएर बिदो यानें ही पद्धत उलटी केली : ३३६ सोडियम दिवे सांगाड्याच्या आंत बसवून त्यानें प्रकाश आंतून वर सोडला. तेव्हांपासून रात्रीं मनोऱ्याची जाळी सोन्याच्या तारेसारखी दिसते. २००० सालाच्या स्वागतास २०,००० लुकलुकणारे दिवे आले. २००३ पासून ते काळोख पडल्यावर दर तासास कांहीं मिनिटें चमकतात. २०२२ च्या सप्टेंबरांत विजेच्या टंचाईमुळें रात्रीं पावणेबारालाच रोषणाई मालविण्याचा निर्णय नगरपालिकेनें घेतला.

दिवे सर्वांस दिसतात. रंग कोणास दिसत नाहीं, आणि मनोरा टिकला आहे तो रंगावर. लोखंडाचा शत्रु गंज, आणि गंजाचें मूळ हवा व पाणी. या दोहोंस लोखंडापासून दूर ठेवणारा पडदा म्हणजे रंगाचा थर. मनोऱ्याच्या रक्षणांत रंगाइतकें महत्त्व दुसऱ्या कशासही नाहीं, असें खुद्द आयफेलनें १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत बजावून ठेविलें आहे. सरासरीनें दर सात वर्षांनीं मनोरा रंगविला जातो. रंगवावयाचा पृष्ठभाग अडीच लक्ष चौरस मीटर. त्यास सुमारें ६० टन रंग, ५० रंगारी, १,५०० कुंचले आणि दीड वर्षाहून अधिक काळ लागतो. फवारणी वर्ज्य आहे. प्रत्येक पट्टी, प्रत्येक रिवेटाचें डोकें माणसाच्या हातानें, आधीं गंज खरवडून आणि मग कुंचल्यानें, माखावें लागतें. हें काम दोराला बांधून घेऊन, खालीं जाळीं पसरून, पाऊस व गारठा यांच्या लहरीप्रमाणें चालतें. मनोरा दोन वर्षांत उभा राहिला; तो राखण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या चाललें आहे, आणि तें करणाऱ्यांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत.

रंगही नेहमीं एकच नव्हता. उद्घाटनाच्या वेळीं तो तांबूस तपकिरी होता. १८९९ मध्यें पायथ्याशीं नारिंगी-पिवळा आणि शिखरावर फिकट पिवळा अशा पांच छटा दिल्या. १९०७ मध्यें पिवळसर तपकिरी आला आणि जवळजवळ अर्धें शतक राहिला. १९६८ पासून एका विशिष्ट तपकिरी रंगाच्या तीन छटा वापरांत आल्या, सर्वांत गडद खालीं आणि सर्वांत फिकट वर, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर सगळा मनोरा एकाच रंगाचा भासतो.

या रंगानें एकदां एक अपराधही केला. पहिल्या मजल्याच्या कठड्याखालीं आयफेलनें ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ व इंजिनिअर यांचीं नांवें कोरविलीं होतीं : लाग्रांज, लाप्लास, कोशी, नाव्हिए इत्यादि. विसाव्या शतकाच्या आरंभीं रंगाऱ्यांनीं तीं रंगाखालीं झांकून टाकलीं आणि १९८६-८७ पर्यंत तीं तशींच झांकलेलीं राहिलीं. त्या यादींत सोफी जर्मेन हिचें नांव मुळांतच नव्हतें. पदार्थांच्या स्थितिस्थापकतेचें गणित मांडण्यांत या स्त्रीचा वांटा मोठा आहे, आणि तसल्या गणितावांचून असला मनोरा उभारणें शक्य नव्हतें.

आज रंगाचाच प्रश्न सर्वांत बिकट झाला आहे. लोखंड गंजूं नये म्हणून जुन्या काळीं सर्वत्र शिशाचे रंग वापरीत. महाराष्ट्रांत देवाच्या मूर्तीस लावण्याचा शेंदूर म्हणून जो ओळखीचा आहे, तोही शिशापासूनच होतो आणि पुलांच्या व जहाजांच्या लोखंडावर त्याचा हात देण्याची चाल होती. मनोऱ्याच्या जुन्या थरांतही शिसें आहे. थरावर थर चढवीत गेल्यानें रंगाचें कवच जाड झालें. तें तडकतें, आणि तडकलेल्या जागीं पाणी शिरून गंज आंतल्या आंत वाढतो. जुना रंग साफ खरवडून काढावा, तर शिशाची विषारी धूळ उडते. २०१९ मध्यें विसावी रंगाई सुरू झाली आणि १९०७ चा पिवळसर तपकिरी रंग परत आणावयाचें ठरलें. पण फेब्रुवारी २०२१ मध्यें शिशाचें प्रमाण मर्यादेबाहेर गेल्याचें आढळून काम थांबवावें लागलें. रंगाऱ्यांच्या फुप्फुसांची काळजी घ्यावयाची तर खर्च व वेळ कित्येक पटींनीं वाढतो, आणि काम लांबवावें तर गंज थांबत नाहीं.

२७ डिसेंबर २०२३ रोजीं आयफेलच्या मृत्यूस शंभर वर्षें पुरीं झालीं. त्या दिवशीं मनोरा बंद होता. तेथील कर्मचाऱ्यांनीं संप केला होता. पुढें १९ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनीं पुन्हां सहा दिवस तो बंद ठेविला. पगाराबरोबर त्यांची तक्रार अशी होती कीं, प्रेक्षकांच्या संख्येचा अंदाज फुगवून आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज आंखडून हिशेब मांडले जातात, आणि लोखंड गंजत राहतें. तडजोड झाली तींत २०३१ पर्यंत दुरुस्ती व देखभालीसाठीं सुमारें ३८ कोटी युरो खर्चण्याचें कबूल करण्यांत आलें.